पिकअपचे सस्पेन्शन सुधारायचे आहे: सुरुवात शॉकअपपासून करावी की पाट्यांपासून?

रानवाट (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे चार दरवाजांची, मागे उघडा हौदा असलेली डिझेल पिकअप आहे. पुढे दुहेरी विशबोन (प्रत्येक चाक धरणारे वरचे आणि खालचे असे दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागे अखंड ॲक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग), अशी या वर्गातल्या बहुतेक गाड्यांची असते तीच रचना तिच्यातही आहे. गाडी बहुतेक दिवस रिकामी किंवा दोन-तीन माणसे घेऊन धावते. अधूनमधून मात्र हौद्यात सात-आठशे किलोंपर्यंत सामान भरले जाते आणि नेमका त्याच वेळी महामार्गावरचा लांबचा पल्ला असतो. कारखान्यातून आल्यापासून सस्पेन्शनचा एकही भाग बदललेला नाही.

मला तीन गोष्टी खटकतात. गाडी रिकामी असताना वळणावर रस्ता खडबडीत असला की मागची चाके उड्या मारतात आणि मागचा भाग वळणाच्या बाहेर सरकल्यासारखा होतो. वेग फार नसतानाही पोटात गोळा येतो. दुसरे म्हणजे महामार्गावर पटकन लेन बदलली की गाडी एका बाजूला कलते, मग दुसऱ्या बाजूला झोका घेते आणि तिसऱ्या झोक्यानंतर कुठे स्थिरावते. तिसरे म्हणजे माल भरला की मागची बाजू बसते, समोरचे दिवे आकाशाकडे बघू लागतात, स्टिअरिंग हलके होते आणि सरळ रस्त्यावरही ते सतत सावरत राहावे लागते.

आतापर्यंत मिळालेले सल्ले एकमेकांशी जुळत नाहीत. एकाने गाडी ५० मिलिमीटर उंच करणारे लिफ्ट किट आणि सोबत कडक स्प्रिंगा सुचवल्या, दुसऱ्याने मागे जाड अँटी-रोल बार (डावी-उजवी चाके जोडून गाडीचे कलणे रोखणारी दांडी) बसवायला सांगितले, आणि तिसऱ्याचे म्हणणे असे, की पाट्यांच्या जुडग्यात आणखी एक पाटा वाढवला की सगळे प्रश्न सुटतील. उंची वाढवण्याची मला हौस नाही. कच्च्या रस्त्याने जाणे होते, पण दगडधोंड्यांत गाडी घालण्याची वेळ येत नाही. गाडी रस्ता धरून चालावी आणि भरलेली असताना विश्वास वाटावा, एवढेच हवे आहे. सुरुवात कुठून करावी आणि कोणता खर्च टाळावा, हे जाणकारांनी कारणांसह सांगितले तर फार मदत होईल.

चाकोरी

तुमच्या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी बऱ्याच अंशी एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे रिकाम्या आणि भरलेल्या पिकअपच्या मागच्या वजनातली तफावत. समजा, रिकाम्या गाडीत मागच्या पाट्यांवर ६०० किलो वजन येते आणि माल भरल्यावर ते १५०० किलो होते. पाट्यांचा कडकपणा तोच राहिला तर गाडीच्या मागच्या भागाची नैसर्गिक आंदोलने वजनाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात मंदावतात. म्हणजे रिकामी असताना तो भाग सेकंदाला साधारण २.२ वेळा डोलत असेल, तर भरल्यावर सुमारे १.४ वेळा डोलेल. शॉकअपचे काम ही आंदोलने जिरवण्याचे, पण तो एकच असल्यामुळे भरलेल्या गाडीत त्याचा परिणाम रिकाम्या गाडीच्या जेमतेम ६३ टक्के उरतो. कारखान्याने निवडलेले पाटे रिकाम्या गाडीला कडक आणि शॉकअप भरलेल्या गाडीला अपुरे वाटतात, ते त्यामुळेच. कोणताही भाग विकत घेण्यापूर्वी तो या दोन अवस्थांपैकी कोणती सुधारणार आणि कोणती बिघडवणार, हे विचारून घ्या. याचे उत्तर ज्याला देता येत नाही, त्याचा सल्ला मी तरी बाजूला ठेवीन.

आता क्रमाबद्दल. पहिली तपासणी टायरमधील हवेची. चालकाच्या दरवाजाजवळच्या खांबावर जो तक्ता चिकटवलेला असतो, त्यात बहुतेक पिकअपसाठी रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे दाब वेगवेगळे दिलेले असतात आणि मागच्या चाकांत हा फरक बराच मोठा असतो. भरलेल्या गाडीची हवा ठेवून रिकामी गाडी खडबडीत वळणावर घातली, तर टायर स्वतःच टणक स्प्रिंगसारखा वागतो, रस्त्यावरचा उंचवटा गिळण्याऐवजी चाक वर फेकतो, आणि जितका वेळ चाक हवेत असते तितका वेळ ते गाडीला वळणात धरून ठेवू शकत नाही. तुमच्या पहिल्या तक्रारीचा अर्धा भाग इथेच सापडण्याची शक्यता आहे. हवा थंड टायरमध्ये मोजा, चालवून आल्यावर नव्हे.

त्यानंतर गाडीखाली जा. शॉकअपच्या नळीवर धुळीचा कोरडा थर असेल तर ठीक. दांड्याच्या सीलजवळ तेलाचा पुसट ओशटपणा असणेही फारसे चिंतेचे नाही. पण खालच्या टोकापर्यंत ओघळ आला असेल आणि त्यावर माती चिकटून काळा लगदा झाला असेल, तर तो शॉकअप संपलेला आहे. बंपर दाबून गाडी किती वेळा डोलते हे बघण्याची जुनी पद्धत पूर्ण निकामी शॉकअप पकडते, अर्धा थकलेला पकडत नाही. म्हणून ती परीक्षा उत्तीर्ण झाली तरी निर्धास्त होऊ नका. तीन झोके घेऊन स्थिरावणारी गाडी हे शॉकअप थकल्याचे लक्षण आहे. त्याच वेळी पुढच्या खालच्या आर्मचे बुश (सांध्यातली रबरी नळी), बॉल जॉइंट आणि पाट्यांच्या डोळ्यांतले, म्हणजे टोकांच्या गोल कड्यांतले, रबर पाहा. पहारीने हलका रेटा दिल्यावर रबराला चिरा पडलेल्या दिसल्या किंवा धातू मोकळा हलला, तर नव्या भागांआधी ते बदलावे लागतील, कारण सैल बुशांवर महागडा शॉकअप लावून काहीही साधत नाही.

शॉकअप निवडताना निव्वळ 'कडक' हा निकष लावू नका. शॉकअपमधील पिस्टन दोन अगदी वेगळ्या गतींनी हलतो. गाडी कलते, ब्रेक लावल्यावर नाक खाली घालते किंवा लेन बदलताना झोका घेते तेव्हा पिस्टनची गती कमी असते. खड्डा किंवा दगड आला की ती कितीतरी पटींनी वाढते. गाडी रस्ता धरून चालायला हवी असेल, तर कमी गतीला विरोध जास्त आणि जास्त गतीला तो आटोक्यात, असा गुणधर्म हवा. सगळ्याच गतींना कडक असलेला शॉकअप वळणावर छान वाटतो, पण खडबडीत रस्त्यावर मागचा रिकामा भाग अधिकच उडवतो.

रचनेचा विचार केला तर तुमच्या वापराला मी वायूच्या दाबाचे मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचे, शॉकअप सुचवीन. दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये तेल आणि वायू बाहेरच्या नळीत एकत्र असतात, त्यामुळे लाटांसारख्या कच्च्या रस्त्यावर बराच वेळ धावल्यावर तेलाला फेस येतो आणि विरोध कमी होतो. मोनोट्यूबमध्ये एक तरंगता पिस्टन तेल आणि उच्च दाबाचा नायट्रोजन वेगळे ठेवतो आणि नळीची बाहेरची बाजू थेट हवेत असल्याने उष्णताही लवकर निघून जाते. एक उणीव मात्र लक्षात ठेवा: मोनोट्यूबची नळी हीच पिस्टनची भिंत असते, त्यामुळे उडालेल्या दगडाने पोचा आला की पिस्टन अडकू शकतो. दुहेरी नळीचा शॉकअप असा मार सहसा सोसतो.

लिफ्ट किटबद्दल माझे मत स्पष्ट आहे: तुमच्या हेतूसाठी ते नको. वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती भार सरकेल, हे गाडीचे वजन, वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधील अंतर यांवर ठरते. २१०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर, चाकांमधील अंतर १५५ सेंटिमीटर आणि वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या निम्मा धरला, तर सुमारे ५१० किलो भार बाहेर सरकतो. गाडी ५० मिलिमीटर उचलली की हाच आकडा ५४० च्या आसपास जातो. कडक स्प्रिंगांमुळे गाडी कमी कललेली दिसेल, पण सरकलेला भार कमी झालेला नसेल. त्याखेरीज पुढची बाजू उचलल्याने कॅस्टर कोन (बाजूने पाहता स्टिअरिंगचा अक्ष जेवढा मागे कललेला असतो तो) सहसा घटतो, आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग आपोआप मध्यावर येण्याचा गुण त्याच कोनातून येतो. तुमची तिसरी तक्रार त्यामुळे वाढेल.

कमानपाटा

वर शॉकअपबद्दल लिहिलेले मला मान्य आहे. मी भरलेल्या गाडीबद्दल आणि पाट्यांबद्दल लिहितो, कारण तिसरा सल्ला, म्हणजे एक पाटा वाढवण्याचा, सर्रास दिला जातो आणि तो तुमच्यासारख्या वापराला सोयीचा नाही.

पाट्यांच्या जुडग्यात वरचे पाटे कायम काम करतात आणि सगळ्यात खालचा जाड, जवळजवळ सरळ पाटा भार वाढून कमान दबल्यावरच टेकतो. ही योजना मुद्दाम केलेली असते: हलक्या भाराला मऊपणा, जड भाराला आधार. नवा पाटा वर कायम काम करणाऱ्या पाट्यांत घातला, की रिकाम्या गाडीतही तो पहिल्या क्षणापासून कडकपणा वाढवतो आणि मागची बाजू उचलतो. भरलेली गाडी कमी बसेल हे खरे, पण तुम्ही बहुतेक दिवस रिकामी गाडी चालवता आणि त्या दिवसांची उडी आणखी वाढेल. आधी सध्याच्या पाट्यांची कमान पाहा. गाडी रिकामी आणि सपाट जागेवर असताना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही बाजूंना मोजा. मागची डावी-उजवी उंची वेगळी निघाली किंवा रिकाम्या गाडीतही कमान सरळ झालेली दिसली, तर पाटे थकलेले आहेत आणि तेव्हा मूळ क्षमतेचे नवे जुडगे घालणे हाच उपाय ठरतो. मधेच तडकलेला एखादा पाटाही तपासताना सापडतो. तडा बहुधा मधल्या बोल्टच्या छिद्रापाशी किंवा यू-बोल्टच्या कडेला असतो, म्हणून तिथली माती खरवडून बघा.

पाटे धडधाकट असतील, तर अधूनमधून येणाऱ्या भारासाठी चासी आणि ॲक्सल यांच्यामध्ये बसणाऱ्या हवेच्या साहाय्यक स्प्रिंगा जास्त योग्य आहेत. माल भरला की हवा भरून गाडी मूळ उंचीवर आणता येते आणि रिकामी झाली की दाब उत्पादकाने सांगितलेल्या किमान पातळीवर उतरवता येतो. इथे एक बारीकशी दिसणारी गोष्ट फार महत्त्वाची आहे. दोन्ही बाजूंच्या पिशव्या एकाच नळीने जोडू नका. तशा जोडल्या तर वळणावर बाहेरच्या दबलेल्या पिशवीतली हवा आतल्या पिशवीत जाते आणि नेमकी आधाराची गरज असते तेव्हा गाडी जास्त कलते. प्रत्येक बाजूला स्वतंत्र नळी आणि स्वतंत्र झडप ठेवा. आणि हेही तितकेच स्पष्टपणे सांगायला हवे, की अशा पिशव्यांनी गाडीची भारक्षमता वाढत नाही. गाडी सपाट दिसते म्हणून जास्त माल भरला जातो, पण ॲक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चासी यांची मर्यादा तीच राहते.

मागच्या बाजूच्या उंचीत कोणताही बदल केला की ब्रेककडे लक्ष द्यावे लागते, आणि हा मुद्दा चर्चांमध्ये हमखास सुटतो. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ चासीवर एक झडप बसवलेली असते आणि तिच्यापासून एक बारीक दांडी ॲक्सलपर्यंत जाते. भार वाढून चासी खाली आली की दांडी वळते, झडप उघडते आणि मागच्या ब्रेकना जास्त दाब मिळतो. तुम्ही कडक पाटे, ठोकळे किंवा हवेच्या पिशव्या घालून मागची बाजू उंच ठेवली, की त्या झडपेला गाडी रिकामीच आहे असे वाटते, आणि आठशे किलो माल असताना मागचे ब्रेक रिकाम्या गाडीइतकेच काम करतात. तुमच्या गाडीत ती झडप आहे का ते वाकून पाहा. असेल तर दांडीची जुळवणी गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेनुसार नव्याने करून घ्या, अंदाजाने नव्हे. ज्या गाड्यांत हे काम इलेक्ट्रॉनिक प्रणालीकडे दिलेले असते, त्यांत ही दांडी नसते.

मागची बाजू उचलण्याला माझा विरोध असण्याचे आणखी एक कारण आहे. पाट्याचा पुढचा डोळा चासीला पक्का असतो आणि मागचा डोळा शॅकल या झुलत्या दुव्यावर असतो, त्यामुळे चाक वर-खाली होताना ॲक्सल किंचित मागे-पुढेही सरकतो. गाडी कलली की बाहेरचे चाक चासीच्या दिशेने वर जाते आणि आतले खाली उतरते. पुढचा डोळा ॲक्सलपेक्षा बराच उंच असेल, तर बाहेरचे चाक मागे आणि आतले पुढे सरकते. म्हणजे अख्खा ॲक्सल थोडा वळतो आणि गाडीचा मागचा भाग वळणाच्या बाहेर ढकलतो. भरलेल्या गाडीत चासी खाली येते, डोळा खाली येतो आणि हा परिणाम घटतो किंवा उलटा होऊन गाडीला स्थिरता देतो. रिकामी आणि वर उचललेली गाडी मात्र नेमकी नको त्या बाजूला जाते. मागचा भाग बाहेर सरकल्यासारखा वाटतो अशी तुमची तक्रार आहेच. तिच्यात भर घालणारा उपाय पैसे देऊन का करावा?

सामान कुठे ठेवता हेही पाहा. मागच्या ॲक्सलच्या मागे ठेवलेले प्रत्येक वजन पुढची चाके हलकी करते. जड वस्तू केबिनच्या भिंतीला लागून आणि तळाशी ठेवल्या, तर स्टिअरिंगच्या हलकेपणात पहिल्याच फेरीत फरक जाणवतो, आणि त्याला एकही भाग विकत घ्यावा लागत नाही.

रानवाट

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे गाडी तपासून घेतली. मागच्या टायरांत भरलेल्या गाडीसाठीचा दाब होता. तो तक्त्यातल्या रिकाम्या गाडीच्या आकड्यावर आणल्यावर खडबडीत वळणावरची उडी लक्षात येण्याइतकी कमी झाली, पण पूर्ण गेली नाही. मागच्या डाव्या शॉकअपवर खालपर्यंत तेलाचा ओघळ आहे आणि पुढच्या खालच्या आर्मच्या मागच्या बुशांना दोन्ही बाजूंनी चिरा गेल्या आहेत. पाट्यांची कमान शाबूत आहे आणि डाव्या-उजव्या उंचीत फरक नाही. ब्रेकची झडप आणि दांडी या गाडीत आहे.

त्यामुळे चारही शॉकअप आणि पुढचे बुश बदलायचे हे ठरले. मागे हवेच्या पिशव्याही घ्याव्यात असे वाटते. प्रश्न उरतो अँटी-रोल बारचा. पुढे कारखान्याचा बार आहे, मागे नाही. माझा माल वजनाला मध्यम असला तरी बहुधा केबिनच्या छपराच्या वरपर्यंत जातो. अशा वेळी मागे बार बसवल्याने फायदा होईल का, की रिकाम्या गाडीत तो त्रास देईल?

दूरपल्ला

अँटी-रोल बारबद्दल लिहितो, कारण मालवाहू आणि रिकाम्या अशा दोन्ही अवस्थांत चालणाऱ्या गाड्यांवर मी हा प्रयोग जवळून पाहिला आहे.

बार हा केवळ एक पिळाचा स्प्रिंग आहे. दोन्ही चाके एकत्र वर गेली तर तो नुसता फिरतो आणि काहीच करत नाही. एक चाक वर आणि एक खाली असे झाले की तो पिळला जातो आणि गाडीला सरळ करू पाहतो. त्याचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. २५ मिलिमीटरच्या भरीव बारऐवजी त्याच आकाराचा २८ मिलिमीटरचा लावला, तर व्यास १२ टक्के वाढतो पण कडकपणा सुमारे ५७ टक्के वाढतो. म्हणून बार निवडताना 'थोडा जाड' हा शब्दप्रयोग फसवा आहे.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी, की बार एकूण सरकणारा भार कमी करत नाही. तो आकडा चाकोरी यांनी दाखवला तसा उंची आणि रुंदीवर ठरतो. बार फक्त एवढे ठरवतो, की त्या भाराचा किती वाटा पुढच्या ॲक्सलने उचलायचा आणि किती मागच्याने. ज्या ॲक्सलचा कडकपणा वाढवाल, त्याच्या बाहेरच्या चाकावर जास्त भार येतो, आतले चाक हलके होते, आणि त्या ॲक्सलची एकूण पकड थोडी घटते, कारण टायरवरचा भार दुप्पट केला तरी त्याची पकड दुप्पट होत नाही. पुढे फक्त बार ठेवून मागे न देण्याचा कारखान्यांचा निर्णय हा काटकसरीचा भाग असेलही, पण रिकाम्या पिकअपची हलकी मागची बाजू पकड सोडू नये, हे त्यातून साधते. मागे जाड बार बसवलेली रिकामी, मागच्या चाकांवर चालणारी गाडी ओल्या वळणातून बाहेर पडताना आतले मागचे चाक सहज घसरवते. तुमची पहिली तक्रार ज्या प्रकारची आहे, ती पाहता मागे मोठा बार बसवण्याचा सल्ला मी देणार नाही.

मात्र तुमचा माल उंच असतो, हे मी दुर्लक्षित करू शकत नाही. उंच मालाने गुरुत्वमध्य वर जातो आणि मागचे पाटे एकटे ते कलणे रोखायला कमी पडतात, कारण अखंड ॲक्सलवरचे पाटे दोन चाकांच्या बरेच आत बसवलेले असतात आणि कलण्याविरुद्ध त्यांना मिळणारा तरफेचा हात आखूड असतो. इथे स्वतंत्र नळ्यांच्या हवेच्या पिशव्या बारचे थोडे काम आपोआप करतात, कारण भरल्यावर त्या दोन्ही बाजूंचा कडकपणा वाढवतात आणि रिकाम्या गाडीत तो कडकपणा काढून घेता येतो. म्हणून माझा क्रम असा राहील: आधी शॉकअप, बुश आणि पिशव्या, मग उंच माल भरून गाडी चालवून पाहणे. त्यानंतरही लेन बदलताना मागची बाजू लवंडल्यासारखी वाटली, तर उत्पादकाने शिफारस केलेला सर्वांत सौम्य मागचा बार घ्यावा, आणि तोही असा, ज्याचे दुवे दोन-तीन भोकांत बसवून कडकपणा कमी-जास्त करता येतो. दुवा बाराच्या टोकाकडच्या भोकात लावला की हात लांब होतो आणि बार मऊ पडतो. सुरुवात त्याच भोकापासून करा.

पुढच्या मूळ बारचे रबरी बुश आणि टोकाचे दुवे मात्र आत्ताच बदलून घ्या. ते झिजले असतील, तर गाडी सुरुवातीला थोडी मोकळी कलते आणि मग बार एकदम पकडतो. चालकाला तो उशीर आणि नंतरचा धक्का दोन्ही जाणवतात. लेन बदलताना तुम्हाला जो पहिला झोका जाणवतो, त्यात याचाही वाटा असू शकतो. गाडीत इलेक्ट्रॉनिक स्थिरता प्रणाली असेल, तर तिची गणिते मूळ सस्पेन्शनवर बेतलेली असतात, हेही मागच्या बारचा निर्णय घेताना ध्यानात असू द्या.

चाकोरी यांच्याशी एका मुद्द्यावर माझे मत थोडे वेगळे आहे. कच्चा रस्ता रोजचा नसेल, तर चांगल्या प्रतीचा दुहेरी नळीचा वायुयुक्त शॉकअपही पुरेसा ठरतो, आणि रिकाम्या गाडीत तो मागची बाजू जरा मऊ ठेवतो. मोनोट्यूबमधील दाबामुळे दांडा सतत बाहेर ढकलला जातो आणि हलक्या मागच्या भागाला तो ताठरपणा जाणवतो. लांब पल्ला भरलेल्या गाडीने होतो हे पाहता मीही शेवटी मोनोट्यूबकडेच झुकेन, पण हा फरक माहीत असावा.

चाकोरी

दूरपल्ला यांचा मुद्दा रास्त आहे. मोनोट्यूब घेताना भरलेल्या गाडीसाठी जास्त कडक केलेला प्रकार न घेता मूळ उंचीच्या आणि मूळ भारक्षमतेच्या गाडीसाठीचा प्रकार घेतला, तर तो ताठरपणा बराच आटोक्यात राहतो. लिफ्ट केलेल्या गाडीसाठीचे लांब शॉकअप चुकूनही घेऊ नका, कारण मूळ उंचीच्या गाडीत ते पाटे पूर्ण दबण्याआधीच तळाला टेकतात.

आता बसवण्याच्या कामाबद्दल थोडे, कारण चांगले भाग इथेच वाया जातात. आर्मचे आणि पाट्याच्या डोळ्यांचे रबरी बुश बाहेरच्या आणि आतल्या नळीला चिकटवलेले असतात आणि बोल्ट आवळला की आतली नळी जागच्या जागी जखडली जाते. चाके हवेत लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळले, तर रबराची मूळ जागा 'चाक खाली लटकलेले' अशी ठरते, आणि गाडी जमिनीवर उतरवताच ते कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते. त्याने उंची थोडी चुकते, गाडी आखडते आणि नवे बुश काही महिन्यांत फाटतात. म्हणून बोल्ट हाताने लागतील तेवढेच लावा, गाडी चाकांवर उतरवा, थोडी पुढे-मागे हलवून स्थिर होऊ द्या आणि मगच टॉर्क रेंचने ठरलेल्या मापाला आवळा. काम होताना शेजारी उभे राहा आणि हे एवढे एक पाहाच.

मागचे शॉकअप काढण्याआधी त्यांच्या जागेचा फोटो काढून ठेवा. अनेक पिकअपमध्ये एक शॉकअप ॲक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे बसवलेला असतो. जोरात वेग घेताना किंवा ब्रेक लावताना पाटे इंग्रजी एसच्या आकारात मुरडतात आणि ॲक्सल थरथरतो. ती थरथर रोखण्यासाठी ही तिरपी मांडणी असते. तुमच्याही गाडीत तशी असेल तर ती तशीच राहू द्या.

हवेच्या पिशव्यांसाठी पाट्यांचे यू-बोल्ट काढावे लागले, तर जुने परत वापरू नका. आवळताना ते ताणले जातात आणि दुसऱ्यांदा तीच पकड देत नाहीत. नवे लावल्यावर काही शे किलोमीटरनंतर त्यांचे टॉर्क पुन्हा तपासायचे असतात, कारण पाटे आणि पट्ट्या एकमेकांवर बसल्या की बोल्ट थोडे सैल पडतात. पिशवीच्या नळ्या सायलेन्सरपासून दूर न्या आणि पाटा पूर्ण दबल्यावर त्या कुठे घासत नाहीत ना, हे जॅक लावून पाहून घ्या.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळवणी, सगळ्यांत शेवटी, आणि पुढचे बुश बदलल्यावर ती करावीच लागते. नुसता टो (वरून पाहता चाकांची तोंडे आत किंवा बाहेर किती वळली आहेत ते) दुरुस्त करून गाडी परत देण्याची पद्धत आहे, पण तुम्ही कॅस्टर आणि कॅम्बरचे (समोरून पाहता चाकाच्या कलाचे) आकडेही छापून मागा. पुढच्या आर्मच्या बोल्टवर जुळवणीसाठी एक्सेंट्रिक (मध्यापासून सरकलेल्या भोकाचे) वॉशर असतील, तर कॅस्टर मर्यादेच्या आत राहून जास्तीकडे आणि दोन्ही बाजूंना सारखा ठेवायला सांगा. महामार्गावर स्टिअरिंग सावरत राहण्याची तुमची तक्रार त्याने कमी होईल. जुळवणीच्या वेळी हौदा रिकामा असावा, पिशव्यांत किमान दाब असावा आणि टायरांत रिकाम्या गाडीची हवा असावी. ब्रेकच्या झडपेची दांडी त्याच दिवशी, अलाइनमेंटच्या आधी जुळवून घ्या. त्यानंतर पहिल्यांदा माल भराल तेव्हा पिशव्यांत हवा घालून मागची उंची रिकाम्या गाडीच्या पातळीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खालीच ठेवा, म्हणजे झडपेला भार कळेल. आणि दिव्यांची पातळी त्या अवस्थेत भिंतीसमोर गाडी उभी करून तपासा.